घरच्या पडद्यावर पाहिलेले काही चित्रपट आणि एका जुन्या ऑपरेटरचे मत

आपण लिहिले आहे की शहादा तालुक्यातील आपल्या गावाच्या आसपास आता चित्रपटगृह उरलेले नाही, जवळच्या शहरात मराठी चित्रपट लागला तरी आठवडाभर टिकत नाही, आणि त्यामुळे जे पाहायचे ते घरीच, टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहावे लागते. अशा परिस्थितीत ज्याचे आयुष्य प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये आणि नंतर जळगावात फिल्म सोसायटीच्या कामात गेले, त्याने अलीकडे घरी काय पाहिले, त्याला ते कसे वाटले आणि घरी पाहून बनवलेले मत कितपत ग्राह्य धरावे, असा आपला प्रश्न आहे. यांपैकी एखादा चित्रपट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दाखवता येईल का, असेही आपण विचारले आहे.

ग्राह्यतेबद्दल आधी लिहितो, कारण पुढची सगळी मते त्यावर अवलंबून आहेत. घरी चित्रपट लहान दिसतो म्हणून त्याचे नुकसान होते, हे सर्वसाधारण मत मला पटत नाही. खानदेशातील एकपडदा चित्रपटगृहांत आम्ही जे चित्र पडद्यावर पाडत होतो, ते आज मध्यम प्रतीच्या टीव्हीवर दिसणाऱ्या चित्रापेक्षा बहुतेक वेळा वाईटच असे. प्रिंट मुंबईहून निघून नाशिक, धुळे असे फिरत आमच्यापर्यंत येई, तोपर्यंत तिच्यावर रेघोट्या पडलेल्या असत, सांधे लावताना फ्रेमा गेलेल्या असत. वीजदाब कमी असला की दिवा मंद, आणि प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या जपून वापरायच्या असल्या की आणखी मंद. पडदाही पिवळा पडलेला. चित्राच्या बाबतीत घर जिंकले आहे, हे आमच्या पिढीने मान्य करायला हवे. हरवला आहे तो आवाज, आणि त्यातही विशेषतः शांतता. म्हणून अलीकडे घरी एखादा चित्रपट पाहिल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: माझ्यापर्यंत न पोहोचलेला भाग दिग्दर्शकाने मुळात केलाच नव्हता, की तो माझ्या घरात विरून गेला?

आपल्या भागात हा प्रश्न अधिकच खरा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो, आणि दुपारी कूलर लावल्याशिवाय घरात बसवत नाही. कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच प्रसंगात संगीत अंगावर येते. मग कोणीतरी आवाज कमी करतो आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर कोणी पुटपुटतो. ध्वनिमुद्रकाने महिनोन् महिने बसून जे प्रमाण ठरवले, ते खानदेशातील उन्हाळ्यात कूलरच नव्याने ठरवतो. म्हणून मी फेब्रुवारीनंतर गंभीर चित्रपट रात्री दहानंतरच पाहतो, आणि कूलर बंद ठेवूनच पाहतो.

दुसरे कारण यंत्राचे आहे. हल्लीचे टीव्ही पातळ असल्यामुळे त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज समोरून न येता भिंतीवर किंवा टेबलावर आपटून येतो. चित्रपटगृहासाठी केलेल्या मिश्रणात संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीतून, म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि संगीत व वातावरण इतर स्पीकरांमधून. हे सगळे दोन छोट्या स्पीकरांत कोंबले की संवाद संगीताखाली दबतात. अ‍ॅपमध्ये आवाजाचे दोन पर्याय असतील तर 5.1 (सहा वाहिन्यांचा आवाज) ऐवजी दोन वाहिन्यांचा स्टिरिओ निवडावा, एवढ्यानेही फरक पडतो. त्याहून सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे बरा वायरचा हेडफोन. एकट्याने पाहायचे असेल तर मी तोच वापरतो.

चित्राच्या बाबतीत मात्र एक दोष घरातच तयार होतो, आणि तो लोकांना दिसत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमांनी चालतो. टीव्ही बनवणारे दोन फ्रेमांच्या मध्ये यंत्राने तयार केलेल्या खोट्या फ्रेमा घालतात, कारण क्रिकेटचा चेंडू त्यामुळे गुळगुळीत पळताना दिसतो. तीच करामत चित्रपटावर झाली की तो दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो आणि नटांचे चालणे विचित्र, निसटते वाटते. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळे नाव देते. ‘मोशन’ हा शब्द सेटिंगमध्ये जिथे दिसेल तिथे जाऊन ती बंद करावी. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो याच कारणासाठी आहे. तो निवडला की रंग सुरुवातीला फिके वाटतात, पण आठवडाभरात डोळ्यांना सवय होते आणि नंतर दुकानातला भडक रंग सहन होत नाही.

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे येतो.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ मी आधी बैठकीत टीव्हीवर पाहिला आणि नंतर काही दिवसांनी हेडफोन लावून. 2024 साली कान महोत्सवात याला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला, आणि तीस वर्षांनंतर एक भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता, म्हणून त्याची बरीच चर्चा झाली. मुंबईत काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि रुग्णालयातच स्वयंपाकघरात काम करणारी, रत्नागिरीकडची पार्वती, अशा तिघींची ही कथा. सुरुवातीला रात्रीच्या मुंबईची दृश्ये चालू असताना शहरात बाहेरून आलेल्या माणसांचे आवाज वेगवेगळ्या भाषांत ऐकू येतात. बोलणारे दिसत नाहीत. टीव्हीच्या स्पीकरवर हा भाग मला निव्वळ गर्दीच्या कलकलाटासारखा वाटला, आणि पहिल्या अर्ध्या तासात चित्रपट थोडा अंतर राखून आहे असे माझे मत झाले. हेडफोनमध्ये तेच आवाज एकेक माणूस म्हणून उभे राहिले. कोण थकून बोलतो, कोण हसत बोलतो, हे कळू लागले आणि पुढच्या तिघींच्या कथा त्या आवाजांमधूनच निवडून घेतल्यासारख्या वाटल्या.

छाया कदम यांनी केलेली पार्वती हे या चित्रपटातले मला सर्वांत घट्ट वाटलेले काम. नवरा गेल्यावर जिच्या खोलीचा एकही कागद तिच्या नावावर नाही, आणि त्यामुळे बिल्डरपुढे जिला स्वतःचे तिथले राहणेच सिद्ध करता येत नाही, अशी ही बाई आहे. कदम यांनी ती दीन केलेली नाही. तिचा राग रोखठोक आहे आणि त्याला विनोदाची एक धारही आहे. आपल्याकडे जळगावच्या किंवा धुळ्याच्या झोपडपट्टीत सातबारा, नमुना आठ आणि वीजबिल घेऊन कचेऱ्यांत फिरणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पार्वती परकी वाटणार नाही. उत्तरार्धात कथा कोकणच्या किनाऱ्यावर जाते तेव्हा प्रकाश बदलतो, आवाजही मोकळा होतो. हा बदल कानांनी टिपला नाही तर उत्तरार्ध नुसताच संथ वाटतो. चित्रपट संथ असल्याची तक्रार माझ्या ओळखीच्या अनेकांनी केली, आणि त्या सर्वांनी तो मोबाइलच्या स्पीकरवर पाहिला होता.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी पूर्वी मोठ्या पडद्यावर पाहिलेला होता, यंदा घरी पुन्हा पाहिला. एका वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून मॅनहोलमध्ये उतरून मेलेल्या सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्या शाहिरावर ठेवला जातो आणि खटला तारखांवर तारखा घेत पुढे सरकतो. शाहिराची भूमिका केलेले नागपूरचे वीरा साथीदार 2021 साली कोविडने गेले, त्यामुळे या वेळी ती भूमिका पाहताना मन वेगळे होते. ते नट म्हणून वावरतच नाहीत. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस आधी कार्यकर्ता आहे, हे त्यांच्या उभे राहण्यातूनच कळते.

हा चित्रपट घरच्या पाहण्याची खरी परीक्षा घेतो. कॅमेरा दूर, स्थिर, आणि चौकटीत इतकी माणसे की कोणाकडे पाहायचे ते दिग्दर्शक सांगत नाही. मोठ्या पडद्यावर नजर फिरते. मागच्या बाकावर झोपलेला वकील, फायली उचलणारा शिपाई, दारात थांबलेले कुणाचे तरी नातेवाईक, हे सगळे आपले आपण शोधतो. 43 इंची टीव्हीवर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून, हे दिसत नाही, आणि मग चित्रपटात ‘काहीच घडत नाही’ असे वाटते. यावर उपाय इतकाच की खुर्ची पुढे घ्यावी. टीव्हीच्या कर्णाच्या दीडपट अंतरावर बसले तर चित्र पुरेसे मोठे होते. घरच्यांना हे बसणे विचित्र वाटते, ते वाटू द्यावे. मोबाइलवर मात्र हा चित्रपट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, कर्मचारी एकेक दिवा मालवतात, आणि रिकामे दालन अंधारात जाते. कॅमेरा तिथेच थांबून राहतो. माझ्यासोबत पाहायला बसलेल्या शेजाऱ्याने त्या अंधारात सहजपणे विचारले, ‘‘लाईट गयी का रे भाऊ?’’ आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत स्वाभाविक आहे, आणि चित्रपटगृहात तो कोणी विचारला नसता. त्यानंतर जो न्यायाधीशाच्या सहलीचा प्रसंग येतो, त्याच्या आधी हा अंधार नसता तर तो प्रसंग नुसता टोमणा वाटला असता. अंधारामुळे तो पुढच्या दिवसासारखा येतो: खटला बंद, आता हा माणूस सुट्टीत काय करतो ते पाहा. घरी हा अंधार पाळण्यासाठी खोलीतही अंधार हवा. ट्यूबलाइट चालू ठेवून पाहिले तर काळ्या पडद्यावर आपलेच तोंड दिसते.

सरकारी वकील बाईंच्या घरचा भाग या वेळी मला पूर्वीपेक्षा जास्त आवडला. लोकलचा प्रवास, घरी आल्यावर स्वयंपाक, कुटुंबासह पाहिलेले नाटक. गीतांजली कुलकर्णी यांनी त्या बाईला खलनायिका होऊ दिलेले नाही. कायद्याची जुनी कलमे एका सुरात वाचणारी ही बाई घरी भाजी काय करायची या विचारात असते, आणि दोन्ही कामे ती सारख्याच कार्यक्षमतेने उरकते. याच गोष्टीची मला भीती वाटली. बचाव पक्षाच्या श्रीमंत वकिलाचे घरगुती प्रसंग मात्र मला अजूनही थोडे हिशेबी वाटतात, जणू तुलना पूर्ण व्हावी म्हणून घातलेले.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घरी काही गमावत नाही, असे म्हणावेसे वाटते, पण एका जागी तो खूपच बदलतो. डुक्कर पकडण्यासाठी सगळे कुटुंब धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि त्या घरातला मुलगा जब्या थांबतो, मग इतरही थांबतात. शाळा दिसत नाही, केवळ सूर येतो. हा चित्रपट लागला होता तेव्हा त्या क्षणी काही प्रेक्षक खुर्चीतून उठून उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली होती: पडद्यावर डुक्कर समोर असूनही ताठ उभे असलेले कुटुंब, आणि इकडे त्यांच्याचकडे पाहत ताठ उभे असलेले लोक. घरी सोफ्यावर बसून पाहताना आमच्यापैकी कोणीही उठले नाही. प्रसंगातली लाज आणि विनोद तसेच राहिले, पण आपण स्वतः त्यात अडकल्याची जाणीव गेली. याचा दोष चित्रपटाला देता येत नाही. जब्याने प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावलेला शेवटचा दगड मात्र घरीही तेवढाच लागतो. डुक्कर खांद्यावर घेऊन जाणाऱ्या कुटुंबाच्या मागे भिंतीवर आंबेडकर, फुले आणि गाडगेबाबा यांची चित्रे सरकतात, ती तर टीव्हीवर अधिक स्वच्छ दिसली, कारण आमच्याकडे आलेल्या पहिल्या आठवड्यातच प्रोजेक्शनचा फोकस एका बाजूला सैल होता.

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेलच. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचे असले तरी धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या व्हिडिओ पार्लरची, यंत्रमागांची व शुक्रवारच्या सुट्टीची दुनिया आपल्याला जवळून ठाऊक आहे. स्वस्तात स्वतःचे चित्रपट बनवणाऱ्या तिथल्या मित्रांची ही कथा रीमा कागती यांनी नेटकेपणे सांगितली आहे, नटांची कामे चांगली आहेत, विनीत कुमार सिंग यांनी केलेला लेखक फरोघ तर फारच चांगला. मित्रामित्रांत श्रेय कोणाचे यावरून पडणारी फूट हा त्यातला सर्वांत खरा भाग वाटला. तरीही माझी तक्रार कानांचीच आहे. मालेगावची हिंदी ही एक वेगळी चीज आहे, तिच्यात मराठीचे आणि खानदेशीचे वळण आहे, वाक्य संपवण्याची तिची स्वतःची लकब आहे. चित्रपटात ती अधूनमधून डोकावते आणि पुन्हा मुंबईच्या पटकथेची हिंदी सुरू होते. बाहेरच्या प्रेक्षकाला हे जाणवणार नाही, पण आपल्याला जाणवते, आणि एकदा जाणवले की प्रसंग सजवलेला वाटू लागतो.

म्हणून त्याच्याच जोडीला फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पुन्हा पाहिला. तिथे खरे लोक आहेत, सायकलवर बसवून ओढलेला कॅमेरा आहे, क्रेन म्हणून वापरलेली बैलगाडी आहे. यंत्रमागावर काम करणारा कृश शफीक सुपरमॅन होऊन हात पुढे करून लटकतो तेव्हा आपण हसतो, आणि तो आपल्याला हसू देतो, पण स्वतःला हास्यास्पद मानत नाही. शफीक पुढे 2011 मध्ये कर्करोगाने वारला. माहितीपटातल्या यंत्रमागांचा खडखडाट माझ्या टीव्हीच्या साध्या स्पीकरवरही व्यवस्थित पोहोचला, कारण तो आवाज मुळातच खरखरीत, एकसुरी आणि जवळून घेतलेला आहे. महागड्या मिश्रणापेक्षा साधा, जवळून धरलेला आवाज घरात जास्त टिकतो, हे मला इतर माहितीपटांच्या बाबतीतही दिसले आहे. दोन्ही पाहणार असाल तर माहितीपट नंतर पाहावा. आधी पाहिलात तर दुसऱ्याला तुम्ही पुरेसा वेळ देणार नाही.

जुन्या चित्रपटांविषयी थोडक्यात लिहितो. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातेतील 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन उभा केला, ही हकिगत सर्वांना माहीत आहे. 1976 चा हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केला आणि 2024 साली तो कानला दाखवला गेला. मी घरी पाहिली ती मात्र जुनीच, रंग उडालेली प्रत, आणि ती पाहून गोविंद निहलानी यांच्या छायाचित्रणाविषयी मत देणे योग्य होणार नाही. स्मिता पाटील यांचा चेहरा तशा प्रतीतूनही पोहोचतो. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे खानदेशात त्यांच्याविषयी घरची मुलगी असल्यासारखे बोलले जाते, आणि त्या बोलण्यात कधी कधी त्यांच्या कामाची नीट चिकित्सा राहून जाते. माझ्या मते बिंदूच्या भूमिकेत त्यांनी केलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गावात दूध सहकारी संस्था उभी करायला आलेल्या डॉक्टरकडे पाहताना नजरेत कृतज्ञता आणि संशय एकाच वेळी ठेवणे. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (1982) हीच नजर अधिक शहरी, अधिक आवरलेली आहे. हा चित्रपट मी घरातल्या बायकांसोबत पाहिला. माझ्या वहिनींचे म्हणणे असे पडले की नायिका सुलभाने नोकरीसाठी घर सोडले याचा त्यांना राग आला नाही, तर परत आल्यावर घरातल्या सगळ्यांनी सगळे काही जागच्या जागी असल्यासारखे वागावे याचा आला. चित्रपटावर लिहिलेल्या अनेक लेखांपेक्षा मला हे निरीक्षण जास्त उपयोगी वाटले.

आता ज्या चित्रपटाविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, त्याकडे वळतो. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात घडतो. 2023 मध्ये टोरंटो महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. सविता नावाची शेतकऱ्याची मुलगी शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, आणि तिला पाहायला एकामागून एक मुले येत आहेत. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे ज्यात पाहायला बसलेली बाजू उलटी आहे: बायका प्रश्न विचारत आहेत आणि नवरा मुलगा स्टुलावर बसून उत्तरे देत आहे. थोड्या वेळाने हे स्वप्न असल्याचे कळते. पुढे खरे कार्यक्रम सुरू होतात आणि तेच तेच प्रश्न, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा विचारले जातात: नाव, शिक्षण, उंची, छंद.

हा चित्रपट घरी पाहायलाच हवा असे मी म्हणेन, आणि चित्रपटगृहातल्या माणसाकडून हे वाक्य सहजी येत नाही. कारण असे की तो ज्या जागेविषयी आहे त्याच जागेत आपण बसलेले असतो. आमच्या बैठकीत, ज्या भिंतीवर आज टीव्ही आहे तिच्याचसमोर, माझ्या बहिणींना पाहायला लोक आले होते. चहाची कपबशी, पोह्याच्या प्लेटा, दाराआडून ऐकणारी आई, पुरुषांनी एकमेकांशी शेतीच्या भावाविषयी बोलत राहणे आणि मुलीशी चार वाक्यांत काम उरकणे, यातले काहीही मला पडद्यावर नवे नव्हते. बोली त्यांची वेगळी, रीत आपलीच. पहिल्या दोन कार्यक्रमांना आमच्या घरातल्या मुली मोठ्याने हसल्या. तिसऱ्याला कमी हसल्या. त्यानंतर स्टूल पुढे सरकवण्याचा आवाज आला की खोलीत कोणी काही बोलेना. पुनरावृत्तीचे हे तंत्र सोपे दिसते, पण त्यात दिग्दर्शकाने काटेकोरपणा ठेवला आहे. प्रत्येक वेळी कॅमेरा जवळपास तिथेच, आवाजही तेच, आणि बदलतो तो फक्त सविताच्या खांद्यांचा ताण. नंदिनी चिकटे या नवख्या अभिनेत्रीने हे फार थोड्या साधनांनी केले आहे.

कापसाचा धागा मला तितकाच महत्त्वाचा वाटला. बाप कापूस घरात साठवून भावाची वाट पाहतो, भाव वाढत नाही, आणि मुलीचे लग्न त्या भावाला बांधलेले आहे. खानदेशात चोपडा, अमळनेर, पारोळा या भागांत घरातली एक खोली कापसाने भरलेली असणे आणि तिच्याचमुळे घरातले सगळे निर्णय अडकून पडणे, हे आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. कापूस विकायला आल्यावर व्यापारी तो हातात घेऊन, दाबून, ओढून पाहतो आणि नाक मुरडतो. हे दृश्य आणि मुलगी पाहण्याचे दृश्य दिग्दर्शकाने एकमेकांसमोर फार ओरडून ठेवलेले नाही, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. एका जागी मात्र माझा आक्षेप आहे. वर्गात समाजशास्त्राचे प्राध्यापक स्त्री-सबलीकरणावर व्याख्यान देतात आणि त्याच विषयाची प्रत्यक्षातली गत आपल्याला दाखवली जाते. हा विरोध जरा जास्तच नेमका जुळवलेला वाटतो. आपण स्वतः महाविद्यालयात शिकवता, त्यामुळे आपल्याला तो कसा वाटतो हे जाणून घ्यायला मला आवडेल.

मध्येच थांबवून पाहण्याविषयी आपण एक ओळ लिहिली होती की त्यामुळे आपल्याला अपराधी वाटते. तसे वाटून घेऊ नये. जत्रांमध्ये येणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत एकच प्रोजेक्टर असे, त्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवे लागत, नवे रीळ चढेपर्यंत लोक विड्या पेटवत, बायकांच्या बाजूला मुले रडू लागत, आणि मग चित्रपट पुन्हा सुरू होई. 2000 फुटांचे रीळ साधारण 22 मिनिटे चालते, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटात किती व्यत्यय येत असतील त्याचा अंदाज बांधता येईल. त्या प्रेक्षकांना चित्रपट कळत नव्हता असे मला कधी वाटले नाही. फरक असा की तंबूतला थांबा सर्वांसाठी एकाच वेळी येई आणि तो कोणाच्या मर्जीवर नसे. घरी रिमोट ज्याच्या हातात, त्याला कंटाळा आला तिथे चित्रपट थांबतो. म्हणून थांबायचेच असेल तर प्रसंग संपल्यावर थांबावे, आणि कंटाळा आलेल्या जागी मुळीच थांबू नये. ‘कोर्ट’सारख्या चित्रपटात तो कंटाळा दिग्दर्शकाने मोजून ठेवलेला असतो.

विद्यार्थ्यांना दाखवण्याविषयी: आपले घरचे सदस्यत्व खाजगी पाहण्यासाठी असते, त्यावरून वर्गात किंवा सभागृहात जाहीर प्रदर्शन करता येत नाही. निर्मात्याला किंवा वितरकाला महाविद्यालयाच्या पत्रावर लिहून परवानगी मागावी. छोट्या मराठी चित्रपटांचे निर्माते अशा पत्रांना अनेकदा आनंदाने उत्तर देतात, काही वेळा स्वतः यायलाही तयार होतात. महाविद्यालयात फिल्म क्लब काढायचा विचार असेल तर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया या 1959 पासूनच्या संस्थेशी संपर्क ठेवावा, चित्रपट मिळवण्याच्या वाटा तिथून कळतात. निवड माझ्यावर सोपवलीत तर मी ‘स्थळ’ सुचवेन, आणि त्यानंतर चर्चेसाठी किमान अर्धा तास राखून ठेवायला सांगेन, कारण मुली लगेच बोलणार नाहीत. प्रोजेक्टरसोबत येणाऱ्या अंगभूत स्पीकरवर विसंबू नये, गॅदरिंगला आणता तसे दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानांच्या उंचीवर ठेवावेत आणि खिडक्यांना जाड पडदे लावावेत. कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. त्या दिवसांत खोलीतले पंखे बंद ठेवले तरी कोणी तक्रार करत नाही.